दगडी होडीचा चौथा भाग

सिनेमा ही पाहण्याची नसून ऐकण्याची कला आहे, हे उरलेल्या जगाला अजून पटायचं आहे. तंजावरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीला मात्र ते माझ्या आतोबांनी कधीच पटवून दिलं होतं. माझ्या आत्याचे हे यजमान पाटबंधारे खात्यात नोकरीला होते. कावेरीचं पाणी कुठल्या कालव्यातून कुठल्या शेतात उतरावं याचे आराखडे काढण्यात त्यांचा दिवस जाई, आणि त्या दिवसभरात ते जेमतेम पाच-दहा शब्द खर्च करीत. पण थिएटरातले दिवे मालवले, की हा सडपातळ, अबोल गृहस्थ असा काही वाहू लागे की त्याला बांध घालणं त्याच्या स्वतःच्या खात्यालाही जमलं नसतं. कारण साधं होतं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत आत्याची दृष्टी गेली. उजेड आणि सावली एवढं उरलं. चेहरे विरले, रंग विरले, आणि जिच्यावर तिचा लहानपणापासून जीव होता ती पडद्यावरची दुनियाही विरली. डॉक्टरांनी हात टेकले त्याच आठवड्यात आतोबा सिनेमाची तिकिटं घेऊन घरी आले. आत्या म्हणाली, "मी येऊन काय करूं?" ते म्हणाले, "बस शेजारीं. मी आहे की."

तेव्हापासून ते तिच्या उजव्या कानाशी झुकून सिनेमा सांगत आले. त्यांचा आवाज ओल्या वाळ्यासारखा होता. दबका, गार, आणि हळूहळू साऱ्या रांगेत पसरणारा. ते काय घडतंय एवढंच सांगत नसत, ते कसं लागतंय हेही सांगत. "राजवाडा आला. फरशी नुकतीच पुसलीय, तळपायांना गार लागते." "नायिकेची साडी हिरवी आहे. कैरीची हिरवी, दात आंबणारी." "खलनायक आला. लसूण खाऊन आलाय." मारामाऱ्यांचा मात्र त्यांना मनस्वी कंटाळा. "मारताहेत," एवढं सांगून ते पानाचा डबा उघडीत, आणि दहा माणसं लोळवून झाली की पुन्हा सूत्र हाती घेत. पहिल्या पहिल्यांदा लोक चिडले. पुढच्या रांगेतून "अय्यो, पोदुम", म्हणजे पुरे करा, असे उसासे आले. पण एकदा मागे बसलेल्या किराणा दुकानदाराने त्यांच्या खांद्यावर बोट टेकवलं, आणि आम्हाला वाटलं आता भांडण होणार, तर तो अत्यंत अजीजीने म्हणाला, "सार, तेच जरा तमिळमध्येही सांगा." सिनेमा तमिळच होता. त्या दिवसापासून आतोबा दोन्ही भाषांत सांगू लागले, आणि त्यांच्या आसपासच्या खुर्च्या सगळ्यांत आधी भरू लागल्या. आम्ही गल्लीतल्या मुलींनी लहानपणीचे सगळे सिनेमे त्यांच्या मागच्या रांगेत पाहिले. पाहिले म्हणजे ऐकले, आणि या दोहोंत काही फरक असतो हे आमच्या गावीही नव्हतं.

मग दगडी होडीचे सिनेमे आले. गच्च्यांवर टीव्हीच्या तबकड्या उगवत होत्या आणि कोपऱ्याकोपऱ्यावर टेलिफोन बूथची पिवळी अक्षरं झळकत होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. एका नावाड्याला दगडाची होडी सापडते. ती भूमीखालच्या नदीतून प्रवाहाविरुद्ध चालते, आणि वल्हवणारा खरं बोलत असेल तरच तरंगते. या एका होडीवर तीन भाग निघाले, आणि तिन्ही भाग गल्लीने कितीदा पाहिले याची मोजदाद कुणी ठेवली नाही. साऱ्या भागांत आत्याचा जीव गुंतला होता तो दुसऱ्या भागातल्या तळ्यात. गुहेचा गडगडाट संपतो, होडी आपोआप थांबते, आणि समोर रात्री उमलणाऱ्या कमळांचं तळं येतं. "एका काठाचं पाणी कोमट आहे, दुसऱ्या काठाचं गार," आतोबा सांगत, आणि त्यांचा आवाज इथे नेहमी किंचित थरथरे. "वारा नाही. वाळ्याचा वास आहे, त्यात मरव्याचा. नावाडी काहीच बोलत नाही." त्या तळ्यावरून कॉलेजात माझं एका मैत्रिणीशी भांडण झालं होतं. तिला ते आठवत नव्हतं. मी तिला डुलकी लागली असणार असं ठणकावलं आणि आवाजाच्या जोरावर जिंकले.

अशात बातमी आली, की मद्रासबाहेर समुद्राच्या वाटेवर एक मोठं करमणुकीचं उद्यान उघडलं आहे आणि तिथे दगडी होडीत प्रत्यक्ष बसता येतं. गुहेतून नेतात, सगळं सिनेमासारखं. आतोबांनी रजा टाकली, जी ते स्वतःच्या तापातही टाकत नसत. झोपाळ्यावर, म्हणजे आमच्या बोलीत ऊंजलवर, आत्याशेजारी बसून ते म्हणाले, "इतकीं वर्षं कानानं पाहिलंस. आतां हात लावून बघ. तळ्यात हात बुडव." आत्याने त्या दिवसाकरता ठेवणीतलं रेशमी लुगडं काढलं. मी चिंचेचा भात आणि दहीभात बांधून घेतला. रात्रीच्या बसमध्ये ती झोपली नाही. खिडकीशी चेहरा ठेवून वारा चाखत राहिली.

उद्यानात नव्या रंगाचा, तळणाचा आणि उन्हाने तापलेल्या रबराचा वास होता. होडी सिमेंटची होती. ती दगडाची भासावी म्हणून फार मेहनत घेतली होती, आणि त्या मेहनतीमुळे ती अधिकच सिमेंटची भासत होती. खाली रूळ होते, रुळांवर घोटाभर पाणी. आतोबांनी बोट बुडवून नाकाशी नेलं. "हें पाणी नव्हे, औषध आहे," ते पुटपुटले. होडी हलली आणि त्यांचा चेहरा आणखी उतरला. कालव्यांत आयुष्य घालवलेल्या माणसाला उतार कळायला डोळे लागत नाहीत. "उताराला चाललीय," ते मला म्हणाले, जणू कुणाचं चारित्र्य ढासळताना पाहत होते. गुहा पत्र्याची निघाली. आतल्या राक्षसाचा जबडा अर्धा उघडून अडकला होता, त्यामुळे तो भीतिदायक न वाटता दाढ दुखत असल्यासारखा वाटत होता. एक पंखा घरघरला, एक लाल दिवा लुकलुकला, आणि आम्ही भसकन उन्हात येऊन एका टायरवर आदळलो. शिट्टी वाजली. पुढच्यांना बसायचं होतं. आत्या अजून एक हात पाण्यावर धरून बसली होती.

"तळं आलं कां?" तिने विचारलं.

आणि ज्या माणसाने तिला आजवर एकही रिकामी चौकट दिली नव्हती, त्या माणसाने तेव्हा तिचा पाण्यावर धरलेला हात नुसता आपल्या हातात घेतला.

आतोबा संतापत नसत. ते तक्रार करीत, आणि तीही खात्याच्या पद्धतीने, क्रमवार. व्यवस्थापक एक तरुण, टाय लावलेला, फार सभ्य मुलगा होता. त्याने प्रवाहाची दिशा ऐकून घेतली, राक्षसाचा जबडा ऐकून घेतला. मग आतोबा म्हणाले, "आणि तळं गाळलंत तुम्ही."

"कुठलं तळं, सार?"

"दुसऱ्या भागातलं. गुहेनंतरचं."

"सार, मी तो सिनेमा पुष्कळदा पाहिलाय. गुहेनंतर लगेच सेनापतीचा दरबार येतो. त्यात तळं नाही."

"आहे," मी मध्येच म्हणाले. "कमळांचं. मी स्वतः पाहिलंय."

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि माझीच खात्री डळमळली. कारण त्या तळ्याचा गारवा मला आठवत होता, वास आठवत होता, पण रंग काही केल्या आठवेना. मी आतोबांकडे वळले. ते माझ्याकडे पाहत नव्हते. ते पाहत होते आत्याकडे. ती कठड्याला धरून उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. "घरीं जाऊं," एवढंच ती म्हणाली. चिंचेचा भात तसाच परत आला.

त्यानंतर आतोबांचं सांगणं आटलं. नवे सिनेमे लागले, सवयीने दोघं गेली, पण आता ते पंचनाम्यासारखं बोलत. "नायक आला. नायिका आली." आत्या विचारी, "फरशी कशी आहे?" ते म्हणत, "फरशी आहे." दुकानदाराने काही दिवस वाट पाहिली, मग तो दुसऱ्या रांगेत जाऊन बसला. पुढे आतोबांनी तिकिटं काढणंच सोडलं. संध्याकाळी ऊंजलवर दोघं बसत आणि कड्यांची किरकिर तेवढी ऐकू येई. आत्याच्या डोळ्यांपुढचा अंधार मी त्या दिवसांत पहिल्यांदा पाहिला. तोवर तो कधी जाणवलाच नव्हता.

नवरात्र जवळ आलं. आमच्याकडे पायऱ्यांवर बाहुल्यांचा कोलू मांडतात, आणि पायथ्याशी वाळू पसरून एक छोटं उद्यान करतात: मोहरी पेरून उगवलेलं गवत, आरशाच्या तुकड्याचं तळं, काठाशी मातीची बदकं. हे उद्यान दरवर्षी आतोबांचं असे आणि त्यातले कालवे खरोखर वाहत. त्या वर्षी बाहुल्या पायऱ्यांवर चढल्या, तरी पायथा रिकामाच राहिला.

"यंदा बागेत काय मांडणार?" आत्याने विचारलं.

"काही नाही. पाहिलीं की उद्यानं."

"तें तळं मांडा."

"सिनेमात नाही तें," आतोबा फार हळू म्हणाले. "ऐकलंस ना त्या मुलाचं."

"ऐकलं. त्यात मजला नवं काय कळलं?" आत्याने पायाने झोपाळा थांबवला. "पडद्याला वाळ्याचा वास कधींपासून येऊं लागला? पुसलेली फरशी कुठल्या कॅमेऱ्याला गार लागते? मी काय सिनेमा बघायला येत होतें? सिनेमे मेले सगळे सारखेच. त्या मुलाच्या बागेत सगळा सिनेमा होता, फक्त तुम्ही नव्हतां. म्हणून तें तळं आलं नाही."

आतोबांनी चष्मा पुसला. मग उठून त्यांनी ऊंजलच्या कड्या मोजायला घेतल्या.

पुढचे काही दिवस घराचं पाटबंधारे खातं झालं. आरशाचं तळं आत्याला काय उपयोगाचं, म्हणून पसरट तोंडाच्या पितळी उरुळ्या निघाल्या: एकीत कोमट पाणी, दुसरीत मातीच्या घागरीतलं गार, आणि झोपाळा पुढे झेपावला की दोन्ही पावलांची बोटं नेमकी त्या दोन काठांना शिवतील अशी त्यांची जागा. दोन्ही बाजूंना वाळ्याचे ओले पडदे. देवळापाशी कदंबाचे, म्हणजे मिश्र फुलापानांचे, हार गुंफणाऱ्या बाईंकडून मरवा. पुढच्या साखळ्या एकेका कडीने आखूड केल्या, की बसणाऱ्याला आपण चढाला चाललोय असं वाटावं; "प्रवाहाविरुद्ध," आतोबा मला बजावत, "दगडी होडी म्हणजे प्रवाहाविरुद्ध." गुहेचा गडगडाट माझ्याकडे होता: पाट्याचा वरवंटा उंबऱ्यापासून भिंतीपर्यंत घरंगळवायचा आणि परत आणायचा.

पहिल्या संध्याकाळी गल्लीतल्या बायका विडा-नारळ घ्यायला आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. आत्या ऊंजलवर बसली. दिवे मालवले. ओल्या वाळ्यातून आतोबांचा आवाज आला, पूर्वीसारखा, दबका आणि गार. मी वरवंटा सोडला. "गुहा आली. भिंतींना ओल आहे. मान खालीं घाल." तिने मान खाली घातली. "होडी डावीकडे घ्या," ती म्हणाली, "उजवीकडे खडक आहे, विसरलां कां?" ते विसरले होते. त्यांनी होडी डावीकडे घेतली. आणि मग तिची बोटं पाण्याला लागली, एक पाऊल कोमट, एक गार, आणि ती काहीच बोलली नाही. कुणाच्या तरी हातातलं हळदकुंकवाचं ताट तेवढं किणकिणलं.

त्या नवरात्रात आमच्या दारी रांग लागली. मद्रासचं उद्यान पाहून आलेलीही माणसं आली. किराणा दुकानदार सहकुटुंब आला आणि डोळे विस्फारून बसला, आतोबांनी त्याला समजावलं, "उघडे ठेवलेत तर झोपाळाच दिसेल, सार." त्याने मिटले. उतरल्यावर तो पाय पुसत कितीतरी वेळ तिथेच रेंगाळला. "हे दुसऱ्या भागात होतं," तो आम्हा सगळ्यांना गंभीरपणे म्हणाला, "मला चांगलं आठवतंय. कमळं जांभळी होती." आतोबांनी कमळांचा रंग कधी सांगितलाच नव्हता. तळं तोवर त्यांच्या हातचं उरलं नव्हतं, ते गल्लीचं झालं होतं.

आता ते थिएटर नाही, तिथे कापडाचं दुकान आहे. आतोबा नाहीत, आत्याही नाही. होडीचा चौथा भाग कधी निघालाच नाही, असं सिनेमाची माहिती असणारे सांगतात, आणि मी हल्ली कुणाशी वाद घालत नाही. पण तो भाग मी पाहिलेला आहे. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी माणसं पांगल्यावर आत्या ऊंजलवरून उतरली, चाचपत तिने आतोबांचा हात धरला, आणि त्यांना तिथे बसवलं. "डोळे मिटा. आतां पुढचं मी सांगतें." मला तिने खुणेने वरवंट्याशी पाठवलं. झोपाळा हलला. तिचा हात साखळीवर होता, ओठ त्यांच्या कानाशी. गुहा सरली, गडगडाट थांबला, आणि अंधारात आतोबांनी लहान मुलासारखं अधीर होऊन विचारलं,

"तळं आलं कां?"

"येतंय," आत्या म्हणाली. "आधीं फरशी तर पुसूं द्या."