माशांचं पाणी

नातीच्या माशांच्या टाकीसाठी मुलाने पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं आहे. नळाचं पाणी एका बाजूने आत जातं आणि दुसऱ्या बाजूच्या बारीक नळीतून बादलीत पडतं. गेले काही दिवस ते पडत नाही, नुसतं ठिबकतं. मागच्या रविवारी सगळे त्याच्यापुढे उभे होते. मुलगा म्हणाला, नळालाच जोर नाही. सून म्हणाली, यंत्रच बोगस निघालं. नात म्हणाली, "आई, मी खोलून बघू? ऐसे ही तो खुलता है."

"बघ ना," सून म्हणाली. "तुला जमतं असलं. आजपासून माशांचं खातं तुझ्याकडे."

मी पलंगावरून म्हटलं, "तिला हात लावू देऊ नका. माणूस बोलवा."

"आजी, पाच मिनट का काम है."

"असू दे. तुझा क्लास आहे ना? जा क्लासला."

सून आत जाऊन पुटपुटली, आता यातही यांचं काहीतरी आहेच. मला ऐकू आलं. माझे कान शाबूत आहेत.

यंत्राला काय झालंय ते मला ठाऊक होतं. पाणी गाळणारी वस्तू हळू चालायला लागली की बहुतेक वेळा गाळणाऱ्याच्याच अंगावर गाळ बसलेला असतो. हे मी दहा वर्षांची असताना शिकले आणि त्यानंतर कोणी मला काही शिकवलं नाही.

आमचे अण्णा दरबारच्या पाहुण्यांच्या कोठीवर कारभारी होते. मोठमोठे लोक तिथे उतरायचे आणि त्यांच्या चहापासून बिछान्यापर्यंत सगळं अण्णांच्या हुकमाने चालायचं. ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं, मध्यभारत आलं आणि कोठी बंद झाली. तिथलं सामान काही विकलं, काही वाटलं, काही चोरीला गेलं. अण्णांच्या वाट्याला दिवाणखान्यातली काचेची टाकी आली, तिच्यातले लाल मासे आले आणि पाणी गाळायचा विलायती फिल्टर आला. नोकरी मिळाली ती कारकुनाची. हुकूम द्यायला आता घरातली माणसंच उरली होती.

दौलतगंजात आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. टाकी बाहेरच्या खोलीत, खिडकीला लावून ठेवली होती, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्याला दिसावी. आई म्हणायची, "लोक मासे खातात नाहीतर खात नाहीत. पाळतं कोण?" समोरचे काका येता-जाता हाक मारायचे, "वहिनी, पुरेसे मोठे झाले की आम्हाला जेवायला बोलवा बरं का!" अण्णांना हे खपत नसे. त्यांच्या लेखी ती टाकी म्हणजे कोठी होती.

फिल्टर म्हणजे पांढऱ्या चिनी मातीच्या दोन बरण्या, एकीवर एक ठेवलेल्या. वरच्या बरणीत एक जाड पांढरी कांडी उभी असायची. आम्ही तिला मेणबत्तीच म्हणायचो. वर पाणी ओतायचं, ते मेणबत्तीच्या अंगातून झिरपून खालच्या बरणीत पडायचं आणि खालच्या तोटीतून आपण काढायचं. कोठीवरच्या खानसाम्याने अण्णांना सांगितलं होतं की या माशांना नळाचं पाणी चालत नाही. रोज टाकीतलं एक बादली पाणी काढायचं आणि एक बादली गाळलेलं घालायचं. अण्णा हे स्वतः करत, अंघोळ करून, सोवळ्यात असल्यासारखे. देवांची पूजा त्यांनी आईवर सोपवली होती, माशांची नाही.

मग मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि अण्णांचं ऑफिसही तिकडे गेलं. तिथे राहायला जागा मिळेना, म्हणून ते एकटेच गेले. लष्करात, म्हणजे शहराच्या आमच्या भागात, त्या दिवसांत मोठमोठी माणसं रस्त्यात उभी राहून ग्वाल्हेरचं काय होणार म्हणून हळहळत होती. आमच्या घरात प्रश्न एवढाच होता, की माशांना पाणी कोण घालणार.

दादाचं मॅट्रिक होतं, त्यामुळे त्याचं नावही निघालं नाही. आईला घरचं काम. मी चौथीत होते आणि शाळा गल्लीच्या टोकाला. मधल्या सुट्टीत पळत यायचं, वरची बरणी भरायची आणि पळत परत जायचं. असं करत मी चौथी पास झाले. वर्गात दुसरी आले होते. पहिली आलेली मुलगी वकिलांची होती आणि तिला घरी मास्तर यायचे, हेही सांगून टाकते.

पाचवीची मुलींची शाळा बाड्याच्या मोठ्या चौकापलीकडे होती. तिथून सुट्टीत पळत येणं शक्य नव्हतं. उन्हाळ्यात अण्णा रजेवर आले तेव्हा मी विचारलं. ते म्हणाले, "शाळेच्या आधी माशांचं पाणी होत असेल तर जा. नाहीतर नाही. मी राखीला येईन तेव्हा बघू." शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं की राखीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत नाव घालता येईल, पुढे नाही. माझं सगळं त्या बादलीवर येऊन ठेपलं.

उन्हाळ्यात बादली वेळेत भरत होती. पाऊस सुरू झाला आणि नळाला चहासारखं पाणी यायला लागलं. फिल्टरची धार बारीक झाली, मग थेंब झाले, मग थेंबांमध्येही अंतर पडायला लागलं. बादली भरायला दुपार व्हायची. खिडकीतून पाचवीच्या मुली वेण्या घालून जाताना दिसायच्या आणि मी तोटीखाली बादली धरून बसलेली.

दादा पुस्तक घेऊन तिथेच बसायचा. तो म्हणाला, "वेडे, होऊ दे की बंद. मासे मरतील, टाकी जाईल अडगळीत, और तू जा स्कूल."

"अण्णा मारतील."

"एकदाच मारतील."

मी त्याला दुष्ट म्हटलं. सगळ्या घरात शहाणं बोलणारा तोच एक होता.

मी आधी तोटी बघितली. ती पूर्ण उघडून काडी घालून पाहिली, मोकळी होती. मग वरची बरणी उचलून खाली डोकावले. खालच्या बरणीत पाणीच नव्हतं, तेव्हा तोटीचा दोष नव्हता. येत होतं तेवढंच जात होतं. मग वाटलं, अण्णा वरची बरणी काठोकाठ भरायचे आणि मी अर्धीच भरते, मला घागर पेलत नाही म्हणून. वर भार कमी, तर खाली जोर कमी. लोट्यालोट्याने काठोकाठ भरली. थोडा फरक पडला, पण शाळेत जाण्याइतका नाही.

राहिली मेणबत्ती. अण्णांनी बजावलं होतं की ती फुटेल, हात लावायचा नाही. आई देवळात गेली होती तेव्हा मी वरची बरणी रिकामी केली आणि मेणबत्तीवरून बोट फिरवलं. अंग बुळबुळीत होतं, भाताची पेज वाळत आल्यावर होते तसं. नखाने खरवडलं तर तपकिरी साय निघाली. गढूळ पाण्याचा गाळ मी ओळखत होते, तो हाताला कचकचतो. हे तसं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला दिसलं. मी वरच्या बरणीत पाणी ओतलं आणि आई आली. घरातल्या सगळ्या हंड्यांत फिरवते तशी तिने तुरटी घेतली आणि बरणीतही दोन-चार वेळा फिरवली.

"आई, यात कशाला?"

"पावसाळ्याचं पाणी तुरटीशिवाय कोणी वापरतं का? जुलाब होतील त्यांना."

"अगं, तुरटीने गाळ गोळा होतो आणि तो मेणबत्तीवरच बसतो."

"मग कुठे बसेल?"

"हंड्यात बसेल! रात्री हंड्यात फिरव. सकाळी मी वरचं नितळ पाणी फिल्टरमध्ये घालते."

"तू मला पाणी शिकव आता," आई म्हणाली. पण त्या रात्री तिने तुरटी हंड्यात फिरवली आणि बरणीत नाही फिरवली. मेणबत्ती मी नारळाच्या काथ्याने साध्या पाण्यात हलक्या हाताने घासली, पांढरी निघेपर्यंत. सकाळी नितळ पाणी काठोकाठ भरलं. धार लागली. आईची पूजा आटपायच्या आत बादली भरली.

मी त्या दिवशी उगीचच दोन वेण्या घातल्या. राखीपर्यंत रोज घातल्या.

अण्णा राखीच्या आदल्या दिवशी आले. सकाळी मी त्यांच्यासमोर सगळं करून दाखवलं. त्यांनी वाकून फिल्टरला कान लावला. धारेचा आवाज ऐकून त्यांचा चेहरा इतका खुलला, की मी तसा तो पुन्हा पाहिला नाही, माझ्या लग्नातसुद्धा नाही.

"कोणी केलं हे?"

"हिनेच," आई म्हणाली. "मलाच शिकवते."

अण्णांनी समोरच्या काकांना हाक मारून बोलावलं. "बघा, पोरीचं डोकं बघा! कोठीवर अशी माणसं शोधून सापडत नव्हती." काकांनी माशांकडे बघून मान डोलावली आणि या खेपेस जेवणाचं काही बोलले नाहीत.

मी म्हटलं, "अण्णा, पाणी शाळेच्या आधी होतं. उद्या नाव घालायचं."

"कसलं नाव?"

"पाचवीचं. तुम्ही म्हणाला होतात."

त्यांना आठवलं. ते रागावले नाहीत, मऊ आवाजात समजावायला लागले. "अगं, सकाळी होतं, पण तू शाळेत असताना फिल्टर तुंबला तर? दादाला कळतं यातलं?"

"नाही."

"आईला?"

"नाही."

"मग? आजवर मला भोपाळला घोर असायचा. आता तू आहेस तर काळजी नाही." आणि आईकडे वळून म्हणाले, "हिच्याशिवाय फिल्टरला कोणी हात लावायचा नाही."

मी आईकडे बघितलं. ती राखीचं तबक पुसत होती. नंतर म्हणाली, "सकाळचा वेळ सुटतोय ना तुझा, तर पोळ्या तू करत जा."

दादाला राखी बांधताना तो हळूच म्हणाला, "बोला था ना मैंने." मी गाठ इतकी घट्ट मारली की त्याने हात झटकला.

मासे चांगले राहिले. माझ्या हातात एकही मेला नाही. तीन वर्षांनी अण्णांनी ग्वाल्हेरला बदली मिळावी म्हणून एका साहेबांना ती टाकी भेट दिली, फिल्टरसकट. न्यायला आलेल्या शिपायाला मेणबत्ती कशी घासायची ते मीच दाखवलं, अण्णा शेजारी उभे राहून कौतुकाने बघत होते. साहेबांच्या घरी मासे महिनाभरही जगले नाहीत. बदली झाली नाही. अण्णा बरेच दिवस हळहळत होते, माशांसाठी.

टाकी गेली त्या आठवड्यात मी पुन्हा पाचवीचं काढलं.

"आता?" अण्णा म्हणाले. "एवढी मोठी घोडी त्या लहान पोरींत बसणार?"

मी तेरा वर्षांची होते.