तोंडी सांगितलेल्या चुका

आमच्या चिकलठाण्याच्या ऑफिसात वरून ठरलं, की प्रत्येक टीमचा सॉफ्टवेअरचा कोड आता सगळ्या टीमना खुला. कुणीही दुरुस्ती सुचवायची. ज्याच्या ताब्यात तो कोड, त्याने ती तपासून शेरा सर्वांना दिसेल असा पोर्टलवर लिहायचा. जगभरची अनोळखी माणसं असंच मिळून काम करतात, असं आम्हाला सांगण्यात आलं. अनोळखी माणसांचं ठीक आहे. आम्ही एकमेकांच्या घरच्या लग्नांत पंगतीला वाढलेली माणसं.

बिलिंगचा कोड माझा एक वैजापूरचा सहकारी सांभाळायचा. तो सगळ्यांनाच लागायचा, म्हणून सर्वांत जास्त दुरुस्त्या त्याच्याकडे येत. चूक दिसली की तो उठून त्या माणसाच्या टेबलाशी जायचा. "सर, तेवढं माल परतीचं बघा. उणे आकडा आला की बिल बिघडतंय." तो माणूस आपली दुरुस्ती मागे घेऊन नीट करून पुन्हा पाठवायचा. मग पोर्टलवर याचा एकच शब्द: ठीक.

"लिहीत का नाही?" मी विचारलं होतं.

"चारचौघांत कुणाचं धोतर कशाला फेडायचं, भाऊ?"

कामं कमी झाली तेव्हा माणसं कमी करायची ठरली. मॅनेजरांनी प्रत्येकाचे लेखी शेरे मोजले. याचा रकाना जवळजवळ रिकामा. सवयीने मी आकडे पडताळले. ते बरोबर होते, म्हणून भांडताही येईना. तरी मी मॅनेजरांकडे जाऊन सांगितलं, की तो चुका तोंडी सांगतो. ते म्हणाले, "तुमचं खरं असेल. पण ज्यांच्या चुका त्यांनी काढल्या, त्यांच्याकडून लिहून आणा."

मी टेबलाटेबलावर फिरलो. एक जण म्हणाला, "काका, त्यांनी लई वेळा वाचवलंय मला. पण आत्ता मीच लिहून दिलं की माझा कोड चुकत होता, तर उद्या माझा नंबर." दुसरा हसला, "त्यांना वाचवताय का आम्हाला घालवताय?" तिसरा मी दिसलो की चहाला जाईनासा झाला.

शेवटी माझा एकट्याचाच मेल गेला, त्याने काढलेल्या माझ्या चुकांचा. तेवढ्याने काही झालं नाही.

शेवटच्या दिवशी तो ड्रॉवर रिकामा करत होता. मेलचं त्याला कळलं होतं आणि तो चिडला होता.

"तुम्ही कशाला लिहिलं? पुढच्या खेपेला तुमचंच नाव काढतील."

"खरं होतं ते," मी म्हणालो.

"खरं होतंच की. म्हणून तर मी दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं."