काकांचे स्लीपरशी वैर

मालवणच्या बाजारपेठेपासून धक्क्यापर्यंत जेवढी माणसे राहत होती, त्या सगळ्यांचे पाय माझ्या मावशीच्या यजमानांना तोंडपाठ होते. तोंडे ठाऊक होतीच असे नाही. मामलेदार कचेरीत कारकुनी लागली म्हणून मी ट्रंक घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा काकांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलेसुद्धा नाही. चष्मा कपाळावर चढवून ते खाली वाकले आणि म्हणाले, "ये. डावी टाच झिजली हा. ओझा नेहमी डाव्याच हातात घेतंस मां?" मी कोण, कुठला, ही चौकशी चहा झाल्यावर. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांचा जन्म कंपाउंडरकीत गेला होता. लोकांच्या पायांतले काटे, काचा, खिळे, माशांची हाडे उपसता उपसता माणसाचा जीव छातीत नसून तळव्यात असतो, अशी त्यांची खात्रीच होऊन बसली होती.

अशा माणसाच्या डोळ्यांदेखत साठ सालाच्या आसपास रबरी स्लीपर गावात शिरल्या. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी बोटीतून उतरले ते निळे-हिरवे पट्टे मिरवीतच. उन्हाळ्याला हलक्या, भिजल्या तरी हरकत नाही; गावाने त्या एका मोसमात आपल्याशा केल्या. काकांनी त्याच मोसमात युद्ध पुकारले. भर रस्त्यात ते कोणालाही थांबवीत आणि सांगू लागत, "तो पट्टो धरून ठेवूक अंगठ्याक दिवसभर झगडूचा लागता. सांजेक पोटरी भरान येता ती खंयसून?" टाच मोकळी म्हणून घोटा मुरगळतो, ओल्या जांभ्या दगडावर रबर ठरत नाही, उन्हात तापले की डोळ्यांना बाधते, आणि चालताना मागून चिखलाचे शिंतोडे थेट काष्ट्यापर्यंत उडतात, त्याने अब्रू जाते, आणि अब्रू गेली की अन्न पचत नाही. हा शेवटचा दुवा कोणत्या वैद्यकात सांगितला आहे, हे विचारण्याची माझी छाती झाली नाही.

नुसते बोलून भागत नाही असे दिसल्यावर ते खिशात दाभण बाळगू लागले. शेजारच्या घरचा मुंबईकर जावई देवदर्शन आटोपून बाहेर आला, तो काका देवळाच्या पायरीवर बसून त्याच्या नव्याकोऱ्या स्लीपरला आरपार भोके पाडून चारचौघांना दाखवीत होते. "बघ, जोरसुद्दा लावूचो लागलो नाय," ते त्यालाच समजावून सांगू लागले. "आणि असल्या तळव्यार तू विश्वासान उभो रवतंस." जावई बापडा अनवाणी घरी गेला. काकांनी ती लढाई जिंकल्यात जमा धरली.

घरच्या आघाडीवर मात्र त्यांचे काही चालेना. मुलाने मुंबईहून मावशीला निळ्या पट्ट्यांच्या स्लीपर पाठवल्या. उभ्या जन्मात नवऱ्यापुढे ब्र न काढलेली माझी मावशी म्हणाली, "झिलान धाडल्यान. मी घालतलंय." आणि घातल्या. काकांनी दोन दिवस अबोला धरला. मावशीला ते दोन दिवस बरे गेले असावेत.

पुढे एका सकाळी मावशी बाजारातून बांगडे घेऊन आली, तेव्हा तिच्या एकाच पायात स्लीपर होती. ती तशीच मागल्या दारी मासे साफ करायला बसली. मी हसून विचारले, "मावशी, दुसरी कुठे?" तिने खाली बघितले आणि तीही हसू लागली. "खंय सुटली कोण जाणा. कळलाच नाय माका." आता काकांचे व्याख्यान होणार म्हणून मी सावरून बसलो. काकांनी मात्र कापसाचा बोळा आणला, तिला भिंतीकडे तोंड करून बसवले आणि म्हणाले, "लागला की सांग." थोड्या वेळाने मावशी म्हणाली, "लावा मां. कित्याक थांबलात?" तोवर बोळा तिच्या तळव्यावरून पाच वेळा फिरून झाला होता.

अंगठ्याच्या बेचक्यात पट्ट्याने घासून जखम झाली होती. ओली, कडेने काळवंडलेली. तिला पत्ताच नव्हता. त्याच दिवशी काकांनी दवाखान्यात तिची लघवी निळ्या औषधात घालून उकळली. औषध विटकरी झाले. मधुमेह, आणि तोही बऱ्याच दिवसांचा. पायांची जाणीवच गेलेली. डॉक्टर म्हणाले, जखम वर चढली तर पाय काढावा लागेल. काका म्हणाले, "पाय काढूचो नाय." एवढेच. घरी येताना ते वाटेत कोणाच्याच पायांकडे बघत नव्हते. साऱ्या गावाचे पाय बघणाऱ्या या माणसाने एवढ्या वर्षांत घरातले दोन पाय बघितले नव्हते.

त्यालाही कारण होते. नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायचा नसतो. काका गरम पाणी घेऊन बसले, तशी मावशीने पाय लुगड्यात ओढून घेतले. "हात लावू नकात. माका पाप लागतला." काकांनी समजावले, रागावले, अखेर हात जोडले, तेव्हा तर ती रडायलाच लागली. काका उठून बाहेर गेले. गेले असतील चिडून, असे मला वाटले. तेवढ्यात कडी वाजली. दारात काका उभे, डोक्यावर काळी टोपी, हातात दवाखान्याची पिशवी. दवाखान्यातल्यासारखे शुद्ध मराठीत म्हणाले, "बाई, मी कंपाउंडर. पाय पुढे करा."

मावशीने क्षणभर त्यांच्याकडे बघितले. मग डोळे पुसून पाय पुढे केले आणि घरधन्याची चौकशी केली, "घरकार खंय गेले?" "बाहेर गेलेत," कंपाउंडर म्हणाले.

जखम भरायला तीन महिने लागले. काकांनी चर्मकाराशेजारी ठाण मांडून तिच्यासाठी मऊ, मागे पट्टा असलेल्या वहाणा करून घेतल्या. पण टोपी घालून येणे काही थांबले नाही. रोज सकाळी कडी वाजे, पाय धुतले जात, बोटांच्या बेचक्या कोरड्या होत आणि "ठीक आहे, बाई" असा निकाल मिळे. सात वर्षांत एक दिवस चुकला नाही. एकदा काका स्वतः तापाने फणफणले होते, तर भिंत धरधरून अंगणात गेले आणि कडी वाजवून परत आले. मला तेव्हा हसू येई. आज येत नाही.

मावशी गेली ती छातीत कळ येऊन, नवऱ्याच्या आधी. सवाष्ण गेली म्हणून वाडीतल्या बायका कुंकू घेऊन तिच्या पाया पडायला आल्या. एक म्हातारी पाय हातात धरून म्हणाली, "काय गो पाय हे. एक चीर नाय. नव्या व्हकलेचे पाय." व्हकल म्हणजे नवरी.

अंगणात बसलेल्या काकांनी ते ऐकले. ते उठून आत आले, तसे बोडक्यानेच. तिच्या पायांशी बसले आणि एकेक बोट अलग करून सावकाश बघू लागले. दहाही बोटे बघून झाल्यावर म्हणाले, "बरे आसत गो." मग बराच वेळ त्यांनी ते पाय सोडले नाहीत, आणि आम्हीही कोणी सोडा म्हटले नाही.