रियाधमधलं घटस्फोटाचं वाचन

रियाधला आमच्या घरी दर शुक्रवारी दुपारची जेवणं आटोपली की घटस्फोटाचं वाचन चालायचं. दचकू नका, सांगते.

भारतातून येताना मी जुन्या कादंबऱ्यांचा गठ्ठा बॅगेत कोंबून आणला होता. शंभर वर्षांपूर्वीच्या बायकांनी लिहिलेल्या. तेव्हा आपल्या हिंदूंच्या कायद्यात घटस्फोट नव्हताच, पण कादंबरीत घ्यायला कोण अडवणार? कुणी टोपणनाव घेऊन, कुणी घरच्यांची नजर चुकवून, या बायांनी आपापल्या नायिकांना नवऱ्याच्या दारातून खुशाल बाहेर काढलं. माझं शिक्षण अर्ध्यावर सुटलेलं, पण त्यांचं म्हणणं मला बरोबर कळायचं.

प्रत एकच, म्हणून मी मोठ्याने वाचायची आणि शेजारपाजारच्या चौघी-पाचजणी ऐकायच्या. बायकांना तेव्हा तिथे गाडी चालवायची मुभा नव्हती. त्यामुळे त्यांना सोडायला आलेले नवरे आमच्या ह्यांच्याबरोबर आतल्या खोलीत पत्ते कुटत बसायचे. हळूहळू पत्ते मागे पडले. आतून आवाज यायचा, "काकू, जरा जोरात. ती परत गेली का?"

एकदा कादंबरीतल्या नवऱ्याने बायकोला न विचारताच माहेरी धाडायचं ठरवलं. बायका खवळल्या. आतून एक बँकवाला म्हणाला, "तिच्या भल्यासाठीच ना?"

त्याची बायको बाहेरूनच म्हणाली, "तू घरी चल, तुझं भलं करते."

त्याच आठवड्यात ह्यांची नोकरी गेली. सौदायझेशन, म्हणजे परदेशी माणसाच्या जागी सौदी माणूस नेमणं, जोरात होतं; ह्यांच्या खुर्चीवर तिथलाच एक तरुण बसला. ह्यांनीच त्याला काम शिकवलेलं, त्यामुळे धड रागावताही येईना. घरी येऊन बूट काढता काढता मला म्हणाले, "तुझं फायनल एक्झिट करायला ऑफिसात सांगितलंय. तू गावी जा. मी तिकडे बत्ह्याच्या वस्तीत चौघांत खोली घेतो, नवी नोकरी देणारा कफील मिळेपर्यंत."

फायनल एक्झिट म्हणजे कायमचा निरोप. माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, ह्यांच्या इकाम्याला टांगलेला, त्यामुळे ह्यांनी सांगितलं की झालं. मी म्हटलं, "बरं." आणि पोळ्या लाटायला गेले.

पुढच्या शुक्रवारी मी तेच प्रकरण पुन्हा काढलं.

"काकू, हे झालंय ना?" एकीने विचारलं.

"उजळणी," मी म्हटलं आणि आतल्या दाराला पाठ टेकून खणखणीत वाचायला लागले. मग आतून तोच बँकवाला, घरी भलं झालेलं असणार, हळूच म्हणाला, "खरं तर काकू, तिला विचारायला त्याचं काय जात होतं?"

आमचे हे खोकले.

सगळे गेल्यावर ह्यांनी चहाचे कप गोळा केले. आयुष्यात पहिल्यांदा. कप हातात धरूनच विचारलं, "तुला काय वाटतं?"

इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न नवीनच. मी मनात लांबलचक भाषण रचून ठेवलं होतं, ते सगळं पळालं. म्हटलं, "अहो, बत्ह्यात खोली घ्यायचीच तर आपल्या दोघांची घ्या. तुमचं घोरणं ते तिघं परके का म्हणून सोसतील? जायचं झालं तर दोघं जाऊ."

दुसऱ्या दिवशी हे जुन्या ऑफिसात जाऊन माझं एक्झिट थांबवून आले. तिथल्या माणसाने कारण विचारलं. हे म्हणाले, "बायको नाही म्हणते."