बुरुलचाची तोकमोकमधली नोकरी

मॉस्कोत बुरुलचाने नऊ वर्षं म्हाताऱ्या माणसांची सेवा केली. एका निवृत्त मास्तरणीला ती भरवायची, एका अंथरुणाला खिळलेल्या इंजिनिअरला कूस बदलून द्यायची. तिथे रविवारी सुट्टी असे आणि कामाला नाव असे. गुडघे बोलू लागले तेव्हा ती आपल्या गावी, तोकमोकला परतली आणि हेच काम शोधू लागली. इथे असं काम कोणी उघड सांगत नाही. घर धाकट्या मुलाला मिळतं, घराबरोबर आईबापही. आईचं करायला त्याने परकी बाई ठेवली, की त्याने आईला टाकलं असंच गल्ली धरून चालते.

तालाय असाच धाकटा. मालट्रक चालवणारा. बायको कझानला कामाला गेली आणि तिकडचीच झाली. आई अनारकुल घसरून पडल्यापासून तो घरी अडकला होता. मालकाचा निरोप आला होता: सोमवारी ये, नाहीतर गाडी दुसऱ्याला देतो. आधी दोन बायका येऊन गेल्या होत्या. अनारकुलने त्यांना पाहुण्या म्हणून बसवलं, चहा पाजला, पण अंगाला हात लावू दिला नाही. या वेळी तालायने शहाणपणा केला. आईला एवढंच सांगितलं, "अपा, घरात एक बाई येतेय. आता इथेच राहील."

बायको नसलेल्या मुलाने असं सांगितल्यावर इथली कोणतीही आई जो अर्थ घेईल, तोच अनारकुलने घेतला.

बुरुलचाने पिशवी घेऊन उंबरा ओलांडला, तशी म्हातारी काठी टेकत उठली आणि तिच्या डोक्यावर पांढरा रुमाल घातला. नव्या सुनेला घालतात तो. शेजारच्या साकिशने मूठभर गोड गोळ्या उधळल्या.

बुरुलचाचा हात रुमालाकडे गेला आणि तिथेच थांबला. थोरल्या बाईने घातलेला रुमाल काढणं म्हणजे तिचा शाप घेणं. हे ती मॉस्कोत राहूनही विसरली नव्हती.

"एजे, थांबा, मी समजावतो तिला," तालाय म्हणाला.

"एजे?" अनारकुल कडाडली. "बायकोला ताई म्हणतोस? लाज विकलीस का?"

"अपा, त्या माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या आहेत!"

"मग? पहिली लहान होती, तिने काय दिवे लावले?"

साकिश हसून भिंतीला टेकली.

त्याच दुपारी अनारकुलने बुरुलचाकडून अंघोळ करून घेतली. केस, पाठ, सगळं. सुनेपुढे कसली लाज?

संध्याकाळी तालायने बुरुलचाला अंगणात गाठलं. "खरं सांगून टाकू का अपाला?"

"सांग की. उद्या मलाही चहा पाजून बसवेल. मग सोमवारचं काय?"

"मग नको. पण लोक..."

"लोक गोळ्या खाऊन गेले. पगार कसा देणार? तिच्यासमोर दिलास तर विचारेल, बायकोला कोण पगार देतं?"

"बहिणीच्या हातून पाठवेन."

"आणि माझा रविवार?"

"सुनेला रविवार?" तालाय गोंधळला. "माहेरी जातेय म्हणा."

"या वयात? माहेरी कोण उरलंय माझं?" बुरुलचा हसली नाही. "मला एक सांग, या घरात मी आहे कोण?"

तालायने टोपी काढली, पुन्हा घातली.

सुनेने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून म्हातारीसमोर ती नाव टाळू लागली. तेवढं ठीक होतं. पण शुक्रवारी दुकानात, जिथे ऐकायला अनारकुल नव्हती, तिथेही तिच्या तोंडून "आमचा ट्रकवाला" निघालं आणि तीच चपापली.

सोमवारी सकाळी तालाय निघाला. आतून हाक आली, "सूनबाई, घास खाल्ल्याशिवाय सोडू नकोस त्याला!"

बुरुलचा भाकरी घेऊन फाटकापर्यंत गेली. तालायने तुकडा मोडून तोंडात घातला.

"हेही कामातच धरायचं का?" तिने विचारलं.

"मला... मला नाही माहीत, एजे."

"एजे म्हणू नकोस. ती ऐकतेय."

गाडी वळणापलीकडे गेली. भिंतीवरून साकिशने विचारलं, "काय गं, नवरा कधी परतणार?"

"पंधरवड्याने," बुरुलचा म्हणाली. म्हातारीच्या अंघोळीची वेळ झाली होती, ती आत गेली.