सुन्याचे राक्षस आणि माझी झिगझॅग कात्री

शिंप्याच्या दुकानात चिंध्या कुठून येतात ते कळत नाही. सकाळी झाडून काढाव्यात, तर संध्याकाळी मशीनखाली पुन्हा ढीग! काष्टी गावातल्या माझ्या दुकानाच्या ओट्यावर किस्से असेच साठत गेले. टाकवत नाहीत, म्हणून सांगतो.

नव्वदनंतरची ती वर्षं. पोरांना पैलवानांच्या छापील पत्त्यांचं वेड लागलं होतं. पत्त्यावर आकडे, ज्याचा आकडा मोठा, त्यानं समोरच्याचा पत्ता घ्यायचा. आमच्या ओट्यावरच्या पोरांना पैलवान पुरेनात. ती शर्टाच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून स्वतःचे प्राणी काढू लागली. प्रत्येकाची ताकद, वेग आणि एक खास गुण. ज्याची पाळी, त्यानं 'ताकद' किंवा 'वेग' मागायचा. ज्याचे सगळे पत्ते गेले, त्यानं ओटा सोडायचा.

पुठ्ठा माझा, कात्री माझी, म्हणून पंचही मीच! नवा प्राणी रास्त वाटला, तर मी झिगझॅग कात्रीनं पत्त्याची कड कापायची. कड कापली की पत्ता पास.

मी चौथी शिकलेला, कमी बोलणारा माणूस. पण मागच्या आळीतल्या सुन्यानं मला बोलायला लावलं.

* * *

सुन्याचा पहिला प्राणी आगगिळ्या. ताकद हजार, वेग हजार. गुण: 'कधीच मरत नाही.'

"अरे, मग याला हरवणार कोण?"

"कुणीच न्हाई!"

"मग खेळायचं कशाला?"

सुन्यानं माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "जिंकायला, तात्या!"

* * *

मी नियम केला: प्रत्येक प्राण्याला काहीतरी खोड हवी. दुसऱ्या दिवशी सुन्या गुणी बाळासारखा आला. खोड लिहिली होती: 'शाळेच्या वेळात ताकद शून्य.'

मला बरं वाटलं. पोरगं सुधारलं! कात्री उचलली, आणि मग डोक्यात उजेड पडला.

"सुन्या, शाळेच्या वेळात तुम्ही खेळता कधी?"

"मास्तर खेळू देत न्हाईत, त्याला मी काय करू!"

* * *

मास्तर पँटचं माप द्यायला आले, तेव्हा मी त्यांच्यापुढं रडगाणं गायलो. ते म्हणाले, "सोपं आहे. ताकद आणि वेग मिळून बेरीज शंभराच्या वर जाता कामा नये."

सुन्या घरी गेला आणि विजेचा नाग घेऊन आला. ताकद दीडशे, वेग उणे पन्नास!

"उणे पन्नास म्हणजे काय रे?"

"मागं पळतो."

मास्तरांनी दोनदा बेरीज केली. शंभरच! सुन्या तो नाग फक्त आपल्या पाळीला काढायचा आणि 'ताकद!' म्हणून ओरडायचा. दुसऱ्याच्या पाळीला नाग हातात दडलेला.

मास्तर जाताना हळूच म्हणाले, "तात्या, चूक माझीच. उणे मीच शिकवलं."

* * *

सगळीच पोरं तशी नव्हती. अलकाची आई बाजारात भाजी विकायची, म्हणून संध्याकाळपर्यंत अलकाचा मुक्काम आमच्या ओट्यावर. ओटा सुटला, तर तिला जायला दुसरी जागा नव्हती. आणि ही पोरगी काय काढते? लंगडी शेळी! ताकद बारा, वेग चार.

"अगं, जरा वाढव की! बेरीज शंभरपर्यंत चालते."

"तात्या, लंगडी हाय ना ती."

आता हिला काय सांगायचं? एक ऐकतच नाही, दुसरी खोटं लिहीत नाही! अलकाचे पत्ते एकेक करून सुन्याकडं गेले. शेवटी शेळी तेवढी राहिली.

* * *

बैलांचे व्यापारी किसनदादा सदरा न्यायला आले. त्यांनी सुन्याचा नाग हातात धरून उलटासुलटा पाहिला, बाजारात बैल पाहावा तसा.

"ताकद लई हाय. पण खातंय काय?"

हे कुणाला सुचलंच नव्हतं! तेव्हापासून नियम झाला: शंभराच्या वर ताकदीचा प्राणी उतरवायचा, तर रोज त्याच्या चाऱ्याला आपला एक पत्ता कायमचा बाजूला ठेवायचा.

सुन्यानं लगेच उपाशी दैत्य आणला. गुण: 'रोज उपास.'

"उपास?" किसनदादा हसले. "आमच्याकडं उपासाला साबुदाण्याचं पातेलंच सगळ्यात मोठं असतंय! ह्याला दोन पत्ते ठेव!"

* * *

मग एका दुपारी अलकानं नवा पत्ता पुढं केला. चष्मा, गळ्यात टेप. ताकद शून्य, वेग शून्य. गुण: 'हरलेला एक पत्ता परत आणतो.'

"हे कोण गं?"

"तुमी."

"बाद करा, तात्या!" सुन्या उसळला. "लई भारी हाय!"

जन्मात पहिल्यांदा त्याला काहीतरी भारी वाटलं होतं.

"अरे, ताकद शून्य आहे."

"पन ह्यो असला, तर कुनी घरीच जायचं न्हाई!"

मी चष्मा पुसत बसलो. स्वतःचाच निवाडा कसा करायचा? शेवटी म्हणालो, "पास. पण असला पत्ता सगळ्यांकडं एकेक हवा."

किसनदादा त्या दिवशीही बसले होते. "ते ऱ्हाऊ द्या. ह्यो खातो काय?"

अलकानं विचार केला. "अर्धा कप चहा. जो उतरवील, त्यानं घरनं आनायचा."

मी कड कापली. जरा वाकडीच गेली.

दुसऱ्या दिवशी मी काजं करत बसलो होतो. सुन्याच्या नागानं खाऊन खाऊन त्याचे पत्ते संपवले होते; त्या दिवसाचा चाराही ठेवून झाला होता. त्याच्या हातात उरला होता नाग आणि चष्मेवाला मी. पाळी अलकाची. तिनं शेळी खाली ठेवली. सुन्यानं, लढायला दुसरं काही नव्हतंच म्हणून, नाग ठेवला.

"वेग," अलका म्हणाली.

सुन्या तसाच उठून घराकडं पळाला. आला तो अर्धा कप आणि बशी सांभाळत, निम्मा चहा बशीत सांडवत.

"तात्या, लवकर प्या! माझा नाग मेलाय!"