ओठाचा रकाना

फिल्टरातून कॉफीचं डिकॉक्शन थेंब थेंब उतरत होतं. आमचे हे, राजगोपाल, झोपाळ्यावर आरसा टेकवून दाढी करत होते. दूध वर येऊ लागलं तेवढ्यात मागचं दार वाजलं. कोल्लैचं, म्हणजे आमच्या परसातलं दार. त्या दारानं फक्त भांडीवाली येते, आणि ती दार वाजवत नाही, लांबूनच हाक मारते.

उघडलं तर शेजारचे जयतीर्थ. धुवट शर्ट, कपाळावर गोपीचंदन आणि त्याखाली अक्षतेचा ठिपका, हातात लग्नात ताम्बूल घालून देतात ती पिवळी पिशवी. पिशवीत काचेवर काच किणकिणली.

"वैनी, दोन तास तुमची कोल्लै द्याल काय? नको म्हणूं नका."

"पिशवीत काय आहे अण्णा?"

"वोडका," ते म्हणाले. प्रसाद आणलाय असं सांगावं इतक्या हळू. "सहा बाटल्या."

माझं दूध उतू गेलं.

"कोण गं?" झोपाळ्यावरून ह्यांची हाक.

"जयतीर्थ अण्णा."

"मग चोरासारखा मागून काय आला? पुढच्या दाराला काय झालं?"

पुढच्या दाराला काही झालं नव्हतं. पण आमच्या पुढच्या दाराला लागून त्यांचा ओटा, आणि ओट्यावर सकाळी सातपासून त्यांच्या मातोश्री, भागीरथी अम्मा, फुलं ओवत बसतात. राजवाड्यामागच्या ह्या गल्लीत कोणाच्या घरी कोण, किती वेळ, हे त्यांच्या सुईदोऱ्याला ठाऊक असतं.

जयतीर्थ म्हणजे गल्लीतला सगळ्यांत निरुपद्रवी माणूस. वय शेहेचाळीस, बी.एस्सी. केमिस्ट्री, अविवाहित. लग्न न जमायला कारण त्यांची नोकरी. ओरत्तनाडूच्या वाटेवर मळीपासून दारू काढणारा कारखाना आहे, तिथं ते तेरा वर्षं केमिस्ट. मुलीकडची माणसं यायची, केसरी-बज्जी खायची, "मुलगा कुठं असतो?" विचारायची, आणि उत्तर ऐकून बस पकडायची. "एक स्थळ तर कॉफी अर्धी टाकून उठलं," असं भागीरथी अम्माच सांगायच्या, हसत. पण ते हसणं मला कधी ऐकवलं नाही.

कारखान्यात ते आधी नळ्या आणि तरंगकाट्यांनी मोजमाप करत. ब्याण्णवपासून सगळीकडे नवे वारे सुरू झाले. परदेशी कंपन्या मद्रासला उतरू लागल्या, कारखान्याच्या मालकालाही वाटलं की आपण रम-ब्रँडीवरच का थांबावं, वोडका काढू. वोडकाला रंग नाही, मसाला नाही, लपवायला काही नाही. मळीचा जरासा वास राहिला तरी कळतो. तो ओळखणारा माणूस हवा होता. शोधता शोधता सापडले ते जयतीर्थ, ज्यांना रस्समात हिंग कुठल्या दुकानाचा पडलाय तेही सांगता यायचं. तेव्हापासून तीन वर्षं ते नमुने चाखून वीसपैकी गुण देत. चाखून थुंकायचं, चूळ भरायची, वहीत लिहायचं. घरी अर्थात अजून नळ्याच सांगितलेल्या.

"झालंय काय?" मी विचारलं.

ते विहिरीच्या काठावर बसले. मागच्या महिन्यात त्यांनी एका खेपेला सतरा गुण दिले. ती खेप मद्रासच्या कंपनीकडे गेली. आपली वोडका ह्या कारखान्यात भरून घ्यायची की नाही हे ती कंपनी ठरवणार होती. मद्रासनं त्याच खेपेला दिले नऊ. आता तिथला मोठा साहेब रात्रीच्या गाडीनं येऊन लॉजमध्ये उतरलाय. साडेदहाला समोर बसवून परीक्षा घेणार. सहा पेले, त्यांत दोन एकाच बाटलीतले. ती जोडी ओळखायची.

"आणि नाही ओळखली तर?"

"चाखायचं काम मद्रासला. मी पुन्हा मळीच्या टाक्यांवर." त्यांनी नाकाच्या शेंड्याला बोट लावलं. "वैनी, तिथं सहा महिन्यांत हे मरतं. माझ्याआधी होता तो मनुष्य आज मोगरा आणि रॉकेल वेगळं करू शकत नाही. मला दुसरं कांहीं येत नाही हो. हें एकच नीट येतं."

इतकं लांब बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं.

माझ्याकडे लग्नात आलेले सहा काचेचे पेले होते, एकदाही न वापरलेले. ते काढले. ह्यांना दाराशी बसवलं. गाल अर्धा साबणात तसेच उठून ते एकदा परसात डोकावले. "राजवाड्याच्या सावलीत, तुळशीसमोर बार! वसुमती, माझ्या आजोबांचा फोटो तेवढा भिंतीकडे फिरवून ठेव."

"थट्टा नंतर करा. अम्मा आल्या तर खोकायचं."

जयतीर्थांनी पाठ फिरवली. मी बाटल्यांवरचे आकडे बघून ओतलं, एकीतलं दोन पेल्यांत, पेल्यांना खडूनं खुणा केल्या, वही मांडीवर घेतली. वहीत त्यांच्या बारीक अक्षरात रकाने आखलेले: वास, जीभ, घसा, मागची चव.

पहिला पेला. नाकाखाली धरला, डोळे मिटले. "भिजल्या पाटीचा वास. सोळा गुणांचा नाही. चौदा." दुसरा. "गोड, पण खोटा गोड, वरून घातलेला. अकरा." तिसऱ्याला सतरा. "हा स्वच्छ. तांदूळ तिसऱ्यांदा धुतल्यावरचं पाणी." चौथ्याला नऊ, पाचव्याला पंधरा. प्रत्येक वेळी केळीच्या बुंध्याशी थुंकायचं, चूळ भरायची, बोटं धोतराला पुसायची. सहाव्याला बारा.

"जोडी?"

"पहिला आणि पाचवा."

माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं. जोडी तिसऱ्याची आणि सहाव्याची होती. ज्याला सतरा दिले त्यालाच बारा. आणि ती बाटली त्यांच्याच कारखान्याची, मद्रासनं नऊ दिलेली.

"परत," ते म्हणाले.

परत केलं. पेल्यांची जागा बदलली, जोडीही बदलली. पुन्हा चुकले. साडेसात वाजून गेले. त्यांच्या मानेवर घामाची रेघ उतरली. तिसऱ्यांदा केलं तेव्हा मी वहीकडे बघायचं सोडलं आणि त्यांच्याकडे बघत राहिले. माझ्या वर्गातली मुलं परीक्षेला बसली की मी असंच करते; उत्तर कुठं चुकतंय ते कागदावर कळत नाही, हातावर कळतं.

ते पीत होते आपल्या लोकांसारखे. पेला उंच धरायचा, मान मागे, धार वरून सरळ तोंडात. पाणी, ताक, कॉफी, आम्ही सगळं तसंच पितो. भांडं उष्टं होत नाही. पण सुरुवातीचे पेले त्यांनी हातभर उंचावरून ओतले होते आणि शेवटचे, हात दमल्यावर, वीतभरावरून.

"अण्णा, कॉफी टंबलरातून डवऱ्यात, त्या खोल वाटीत, दोनदा उंचावरून ओतली की चव का बदलते?"

"हवा मिसळते. कडूपणा…" आणि ते थांबले.

"तुमची प्रत्येक धार वेगळ्या उंचीची आहे. तुम्ही सहा नाही, बारा-पंधरा वोडका चाखताय."

त्यांनी पेला खाली ठेवला. मग त्यांनी खिशातून मद्रासचं पत्र काढून माझ्यापुढे धरलं. इंग्रजीत टाइप केलेलं. खालच्या एका ओळीचा अर्थ असा, की घशाला ठीक, ओठाला चावते. सोबत त्यांचा छापील तक्ता होता. वास, त्यानंतर ओठ, मग जीभ, घसा. ओठाला एक अख्खा रकाना, चार गुणांचा.

"हें मला महिनाभर समजलं नाही," ते म्हणाले. "ओठाला म्हणजे काय चावते? ओठाला चव असते?"

"लावून बघा की."

"ते होणार नाही."

"का?"

"अम्माला शब्द दिलाय."

कारखान्यात लागले त्या दिवशी भागीरथी अम्मांनी देवापुढे त्यांच्याकडून म्हणवून घेतलं होतं: दारू ओठाला लावणार नाही. आणि त्यांनी तो शब्द अक्षरशः पाळला होता. एकदाही काठ ओठाला टेकला नव्हता.

"म्हणजे जिभेला चालतं, घशाला चालतं, ओठाला तेवढं चालत नाही?" दारातून हे म्हणाले. साबण गालावर वाळून गेला होता. "जयतीर्था, तू वकील व्हायचास."

"घशाखाली थेंब उतरला नाही. मी थुंकतों." त्यांचा आवाज चढला, आणि लगेच भिंतीपलीकडच्या ओट्याच्या आठवणीनं खाली आला. "आणि तिनं ओठच म्हटलं होतं."

घड्याळात आठ वाजले. नऊला कारखान्याची गाडी येणार होती. मला राग आला, कोणाचा ते नीट सांगता येत नाही. मी त्यांच्या कारखान्याच्या बाटलीतला थेंब बोटावर घेतला आणि स्वतःच्या ओठाला लावला.

"अय्यो, वसुमती!" हे ओरडले.

आधी गार लागलं. मग खालच्या ओठाच्या कडेला बारीक डंख, वाढत गेलेला. विड्यात चुना जास्त पडला की होतं तसं. तोंड धुतलं. पाचव्या बाटलीचा थेंब लावला. गार लागलं आणि तसंच राहिलं, डंख नाही.

"चुना," मी सांगितलं. "तुमच्या बाटलीला आहे, ह्या दुसरीला नाही."

जयतीर्थ माझ्या ओठाकडे बघत होते. परक्या बाईकडे असं बघणारा तो मनुष्य नव्हे. तो बघत होता त्याच्या तीन वर्षांच्या वहीत नसलेला रकाना. "म्हणजे मद्रास बरोबर आहे," ते म्हणाले. "वोडका गाळायच्या कोळशाची नवी खेप नीट धुतली नसणार. म्हणजे नऊच. माझे सतरा चूक." मग वही घेतली आणि पानं मागे मागे उलटू लागले.

तेवढ्यात हे खोकले. पुन्हा खोकले, दमेकऱ्यासारखे.

"राजगोपाला, सर्दी झालीय तर तोंडाला साबण कशास लावलास?" भागीरथी अम्मांचा आवाज माजघरापर्यंत आला होता. "वसुमती, चार कढीलिंबाची पानं दे गं. आणि हा वास कसला?"

"स्पिरिट, अम्मा. मला इंजेक्शन…"

"तुला इंजेक्शन, आणि माझा मुलगा इथं कशास?"

त्या उंबऱ्याशी उभ्या होत्या. नऊवारी, नाकात दोन्हीकडे खडे, वय शहात्तर, नजर दोरा ओवणारी. सहा पेले, सहा बाटल्या, केळीचा ओला बुंधा, मुलाची ओली हनुवटी. क्रमानं सगळं पाहून झालं.

जयतीर्थांना खोटं बोलता आलं असतं. नमुने तपासतोय म्हणाले असते तर खपलंही असतं. ते उभे राहिले.

"मी चाखतों, अम्मा. कारखान्यात तेंच माझं काम. तीन वर्षं झालीं."

"पितोस?"

"थुंकतों."

"ओठाला लावलीस?"

"नाही. वरून ओततों. एकदाही नाही लावली."

म्हातारीनं पेल्यांकडे पाहिलं, मग मुलाकडे. मला वाटलं, आता तोंड झाकून रडतील. त्यांनी पदर सावरला आणि ह्यांच्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा चक्क फुलला होता.

"ऐकलास राजगोपाला? तीन वर्षं दारूच्या मोरीत बसून ओठ लावला नाही माझ्या मुलानं. ते कॉफी टाकून उठलेले शहाणे आज पाहिजे होते. त्यांच्या घरांत आहे काय असा एक? आज सगळ्या गल्लीत सांगेन."

"अम्मा…"

"तू गप. मला बोलूं दे. शब्द म्हणजे काय, ते ह्याला बघून शिका."

रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. जयतीर्थांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी नजर पेल्यांवर ठेवली. तिथं माझं काही काम नव्हतं. त्या बोलत होत्या, ह्यांनाही हो-हो म्हणावं लागत होतं. गल्लीच्या तोंडाशी गाडीचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर वेळेआधीच आला होता. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा जयतीर्थांनी पाण्यानं तोंड धुतलं, शर्टाचं वरचं बटण लावलं, आणि आईच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले.

"अम्मा, आज पेला ओठाला लावूं दे."